गाणाऱ्याची मजुरी



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्वानांना बोलावून ऐकण्याची चाल उचलली. आमची गणना विद्वानांत होत नाही. सातवीनंतर शाळा सुटली; पुढे जे काही शिकलो ते कामगार संघटनेच्या कचेरीत, कोर्टाच्या पायरीवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने बोलायचे तर किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी कामगाराच्या प्रॉव्हिडंट फंडावर बोलावे, अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की, दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांवर बोलू. यात थट्टा नाही. पुणे-सातारा रस्त्यावरच्या कारखान्यांत पाळी करणारा कामगार घरी आल्यावर जे पाहतो, त्याची मुलगी जे पाहून आरशासमोर हातात लाटणे धरून गाते, आणि ज्यासाठी त्याचा धाकटा भाऊ नोकरी सोडून मुंबईला जाण्याची भाषा करतो, ते कामगार संघटनेच्या कक्षेबाहेरचे आहे असे आम्ही मानीत नाही. आमच्या मते हा मजुरीचाच प्रश्न आहे.

ही स्पर्धा चालते कशी, हे प्रथम पाहू. आज जगभर जो प्रकार फार चालतो त्याचा उगम हॉलंडात आहे. जॉन डी मोल नावाच्या तेथील निर्मात्याने 2010 साली ‘द व्हॉइस’ ही स्पर्धा काढली. चार नामांकित गायक खुर्च्यांवर पाठ करून बसतात. मागे उमेदवार गातो. ज्याला तो आवाज आवडेल त्याने बटण दाबायचे, की त्याची खुर्ची गर्रकन फिरते. दोघा-तिघांच्या खुर्च्या फिरल्या तर कोणाच्या हाताखाली जायचे हे उमेदवाराने ठरवायचे. अशा रीतीने प्रत्येक नामांकित गायकाचा एक संघ तयार होतो. त्या गायकाला ‘कोच’ म्हणतात. मग फेऱ्या सुरू होतात, उमेदवार गळत जातात, आणि शेवटी प्रेक्षकांच्या मतांनी एकाच्या गळ्यात माळ पडते.

हा साचा देशोदेशीच्या वाहिन्यांनी परवाना घेऊन आणला. 2012 साली तो आर्मेनियात गेला. काकेशस पर्वताकडचा हा देश सुमारे 30 लाख वस्तीचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. परंतु त्याची स्वतःची लिपी पाचव्या शतकापासूनची आणि गाणे त्याहून जुने. तेथेही त्याच खुर्च्या आणि तेच बटण. भाषा तेवढी आर्मेनियन. भारतात हा साचा 2015 साली हिंदीत आला, तेव्हा सुनिधी चौहान, शान, मिका सिंग आणि हिमेश रेशमिया हे कोच होते. मराठीत 2017 साली सुरू झालेल्या ‘सूर नवा ध्यास नवा’ या कार्यक्रमाचा साचा वेगळा असला, तरी अवधूत गुप्ते, महेश काळे आणि शाल्मली खोलगडे यांना त्यात परीक्षक न म्हणता ‘कॅप्टन’ म्हटले गेले आणि उमेदवार त्यांच्या संघांत वाटले गेले. कारखान्यात परदेशी बनावटीचे यंत्र आले म्हणजे कामगाराला त्याच्या गतीने हात चालवावा लागतो. येथेही काहीसे तसेच घडते. गाणे आपले असते. ते किती मिनिटांचे असावे, कोठे थांबावे, कोठे रडू यावे, हे साचा ठरवतो.

आम्ही केवळ दोष काढायला उभे नाही. या साच्यात एक गोष्ट आम्हांला मनापासून आवडते, आणि ती म्हणजे ती पाठमोरी खुर्ची. गाणाऱ्याचा चेहरा, कपडे, रंग, गाव, आडनाव यांपैकी काही न पाहता निवड करायची, ही कल्पना फार मोलाची आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या वाद्यवृंदाने 1952 साली पडद्याआडून परीक्षा घेण्यास आरंभ केला, 1970 नंतर इतर मोठ्या वाद्यवृंदांनी तो मार्ग धरला, आणि ज्या वाद्यवृंदांत बाईमाणूस अपवादाने दिसे तेथे स्त्रियांची संख्या वाढत गेली. आमच्या भरतीच्या गेटावर काय चालते ते आपण जाणता. ठेकेदाराचा माणूस आधी विचारतो, “कुठला? कोणाचा? कोणी पाठवलं?” काम येते का, हा प्रश्न शेवटी. तो जर पाठ करून बसला आणि केवळ कामाचा आवाज ऐकून माणूस घेऊ लागला, तर आमची निम्मी भांडणे मिटतील. मात्र स्पर्धेतही ही पाठमोरी खुर्ची पहिल्याच फेरीपुरती असते. एकदा ती फिरली की चेहरा, कपडे, घरची गरिबी, आईचे अश्रू, सारे काही मोजले जाऊ लागते.

आता दुसरी बाजू. निवडीनंतर जी फेरी येते तिला इंग्रजीत ‘लढाई’ असाच शब्द आहे. एकाच कोचच्या हाताखालच्या दोघांना एकच गाणे देतात, दोघांनी ते एका वेळी गायचे, आणि त्याच कोचने दोघांपैकी एकाला घरी पाठवायचे. आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा आम्हांला जुन्या गोदीतले दृश्य आठवले. ते पाहिलेले नव्हे, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. मुकादम सकाळी गेटावर उभा राही. कामे दहा आणि माणसे तीस. ज्याची पाठ रुंद त्याला आत घेई. त्या रांगेत शेजारी उभा असलेला गाववाला हाच शत्रू वाटे. माथाडी कामगारांनी अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभे राहून 1969 चा माथाडी कायदा मिळवला, तो ह्या गेटावरच्या रांगेविरुद्धच. नावनोंदणी झाली, मंडळ आले, टोळीने उचललेल्या ओझ्याची मजुरी टोळीत वाटली जाऊ लागली. आम्ही चढाओढीच्या विरुद्ध नाही. परंतु शेजाऱ्याला पाडल्यावाचून आपले पोट भरत नाही, ही शिकवण अठरा वर्षांच्या पोराला गाण्यातून देऊ नये.

आपल्याकडे गाण्याच्या चढाओढी नव्हत्या काय? होत्या, आणि चांगल्या कडाक्याच्या होत्या. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांना सवाल घालीत. भजनाच्या चढाओढी आजही होतात; एक मंडळ गजर संपवते न संपवते तोच दुसरे उचलते. परंतु त्या चढाओढीत हरलेला शाहीर दुसऱ्या दिवशी गावातच असे. पुढच्या जत्रेला त्यालाच बोलावणे जाई, कारण त्याच्यावाचून सवाल कोणाला घालायचा? हरणे ही गाण्याचीच एक बाजू होती. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत हरलेला त्या रात्रीच पडद्यावरून नाहीसा होतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याचे नाव घेण्याचे कोणाला कारण उरत नाही.

ह्या ‘कोच’ शब्दाचाही थोडा विचार करू. 1995 साली हिंदीत ‘सा रे ग म’ सुरू झाले तेव्हा गाण्यातली जाणती, वयोवृद्ध मंडळी परीक्षक म्हणून बसत. उमेदवार जिंकला काय, हरला काय, त्यांचे काही जात-येत नसे. म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन होते. 2005 च्या पर्वात त्याच कार्यक्रमाने संगीतकारांच्या हाताखाली उमेदवारांचे गट केले आणि त्या गटांना ‘घराणी’ म्हटले. तेथून पुढे शिकवणारा, निवडणारा आणि स्पर्धा करणारा ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे जाऊ लागली. कारखान्यात मालकाचा वकील, लवाद आणि कामगारांचा पुढारी ही कामे एकाने केली तर आम्ही लगेच हरकत घेऊ. येथे मात्र आपण टाळ्या वाजवतो.

आणि घराणे म्हणजे काय? पंडित भीमसेन जोशी 1933 साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. 1936 साली सवाई गंधर्वांनी त्यांना शिकवणे पत्करले. गुरूगृही पाणी भरण्यापासून सारी कामे करीत त्यांनी तेथे विद्या घेतली. केसरबाई केरकरांनी 1921 साली अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि वर्षानुवर्षे तालीम घेतली. त्या पद्धतीतही जुलूम होता. गुरूची मर्जी हाच कायदा असे, आणि आम्ही काही तिचे पोवाडे गाणार नाही. परंतु घराण्याला वेळ लागतो एवढे तरी मान्य करू. एका पर्वात ते होत नाही.

मग ही पोरे इतकी चांगली गातात ती कशी? याचे उत्तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर येऊन गेले आहे. 2008-09 मध्ये झी मराठीवर ‘सा रे ग म प’चे लहान मुलांचे पर्व झाले, त्या काळी रात्री रस्ते ओस पडत. शेवटच्या फेरीत पाच मुले होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजयी झाली. तिचे वडील कल्याणजी गायकवाड हेच तिचे गुरू, संगीत शिकवणारे. पुण्याची आर्या आंबेकर. तिची आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका. प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची, रोहित राऊत लातूरचा. मुंबईच्या स्टुडिओत येण्यापूर्वीच ह्या गळ्यांवर कोणाच्या तरी घरात, कोणत्या तरी गावात, पेटीच्या भात्यावर हात झिजवून कोणी तरी मेहनत घेतलेली होती. वाहिनीने पीक कापले; पेरणी दुसऱ्यांची होती. कापणी करणाऱ्यालाही आम्ही नावे ठेवीत नाही, त्याने बाजार दाखवला हे खरे. परंतु ज्या शेतातून पीक आले त्या शेतात परत काय पडले, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हिशेबाचा विषय निघाला तर पैशाकडे वळू. प्रेक्षक मत देतो ते फुकट देत नसे. मोबाईलच्या संदेशावर मते घेण्याची लाट 2004-05 मध्ये ‘इंडियन आयडॉल’बरोबर आली, त्या पहिल्या पर्वात मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, आणि मराठी माणूस म्हणून आपल्याला अभिमानही वाटला. अशा मतांच्या संदेशाला नेहमीच्या संदेशाहून जास्त दर लागे. एका वाहिनीच्या प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमाबाबत ग्राहकांच्या संस्थेने तक्रार केली होती, तिच्यात संदेशाचा दर 2 रुपये 40 पैसे होता. बक्षिसाची रक्कम संदेश पाठवणाऱ्यांच्याच पैशातून निघते आणि हे त्यांना सांगितले जात नाही, असा तक्रारीचा मुद्दा होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली वाहिनी आणि मोबाईल कंपनी यांना 1 कोटी रुपयांचा दंड केला. पुढे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निकाल आम्ही मानतो. परंतु त्या खटल्याने जो प्रश्न सर्वसामान्य माणसाच्या हाती दिला तो विचारण्यासारखा आहे: बक्षीस कोण देतो, आणि मिळकत कोणाची होते?

जाहिरातदार वाहिनीला पैसे देतो. कोचला मानधन मिळते. दिवे, कॅमेरे, ध्वनी सांभाळणाऱ्यांना रोजंदारी असते, आणि ती 1956 साली स्थापन झालेल्या सिने कर्मचाऱ्यांच्या महासंघाने भांडून ठरवून घेतलेली असते. भोरच्या लोकांना हे सांगायला नको. आपल्या राजवाड्यात आणि नीरेच्या काठी इतकी चित्रीकरणे झाली आहेत की, पडद्यावरच्या दोन मिनिटांसाठी किती लोक उन्हात वायरी ओढतात, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. आता प्रश्न असा की, ज्याच्या गळ्यावर हा सारा डोलारा उभा आहे त्या उमेदवाराची मजुरी किती? त्याला सांगितले जाते, “तुला संधी मिळते आहे.” हे वाक्य आम्ही फार ठिकाणी ऐकले आहे. शिकाऊ कामगाराला हेच सांगतात. घरकाम करणाऱ्या बाईला सांगतात की, आम्ही तुला घरच्यासारखी वागवतो. मजुरी द्यायची नसली म्हणजे असा एखादा गोड शब्द पुढे येतो.

एक प्रकरण आमच्या हातून गेले ते सांगतो. नावे सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या एका खोऱ्यातला तरुण आमच्या कचेरीत आला. शिरवळच्या बाजूला कंत्राटी कामावर होता; गावच्या भजनी मंडळात गाई, आणि खरोखर चांगले गाई. एका स्पर्धेच्या पहिल्या चाळण्यांतून तो पार झाला होता आणि सहीसाठी करार घेऊन आला होता. करार वीस-बावीस पानांचा, सगळा इंग्रजीत. उद्या सकाळपर्यंत सही हवी होती. आम्ही शब्दकोश काढला, एका ओळखीच्या वकिलांना बसवले, आणि रात्री दीडपर्यंत पान पान वाचले. चित्रीकरणाच्या दिवसांची मजुरी कोठेही लिहिलेली नव्हती. गायलेल्या गाण्यांवरचे सारे हक्क त्यांच्याकडे. पुढची काही वर्षे दुसरीकडे गायचे तर त्यांची लेखी परवानगी, आणि मिळालेल्या बिदागीत त्यांचा वाटा. कारण न देता केव्हाही काढून टाकण्याचा हक्क त्यांचा. सोडून जाण्याचा हक्क ह्याला नाही.

तो म्हणाला, “दादा, सही करू का नको, तेवढंच सांगा.”

आम्ही म्हणालो, “सही तुझी आहे. आम्ही फक्त काय लिहिलंय ते सांगू. पण कंपनीत रजेचा अर्ज लेखी दे, त्याची पोच घे, आणि ह्या कराराची प्रत मागितल्याशिवाय हात उचलू नकोस.”

त्याने सही केली. त्याच्या जागी विशीतले आम्ही असतो तर काय केले असते, याचा विचार केला म्हणजे त्याला दोष देववत नाही. तीन-चार भागांत तो दिसला, गावात पडदा लावून लोकांनी पाहिला, आणि मग तो गळला. परत आला तेव्हा ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. त्यापेक्षा वाईट म्हणजे जत्रांच्या हंगामात ज्या भजनाच्या सुपाऱ्या त्याला मिळत, त्या घ्यायची त्याला भीती वाटू लागली, कारण कागदावर सही होती. एक सबंध हंगाम तो गप्प बसला. रजेच्या अर्जाची पोच हाती होती म्हणून ठेकेदाराशी आम्हांला भांडता आले आणि त्याला काम मिळाले. दुसऱ्या कागदाबाबत पत्रे लिहिली, त्यांना उत्तर आले नाही. पुढच्या चैत्रात तो पुन्हा गाऊ लागला. कोणी हरकत घेतली नाही. परंतु वर्ष गेले ते गेले.

गाणाऱ्याने आपल्या मजुरीसाठी भांडावे हे कमीपणाचे नाही. आपल्या डोळ्यांसमोर लता मंगेशकरांचे उदाहरण आहे. 1949 साली ‘महल’ चित्रपटातले त्यांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे नाव छापलेले होते. पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे पारितोषिक नव्हते. त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 1959 पासून ते सुरू झाले. पुढे गाण्याच्या विक्रीत गायकाचाही वाटा असावा म्हणून त्या भांडल्या, आणि त्यापायी महंमद रफींसारख्या सहगायकाशी काही वर्षे गाणे थांबले. रफीसाहेब म्हणत, एकदा पैसे घेतले की व्यवहार संपला. ते भले माणूस होते. परंतु ह्या बाबतीत आम्ही लताबाईंच्या बाजूचे आहोत. 2012 साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकाला त्याच्या गायनाच्या व्यापारी उपयोगावर स्वामित्वधन मागण्याचा हक्क मिळाला. 2013 साली गायकांनी त्यासाठी स्वतःची संघटना उभारली. जे लताबाईंना एकटीने मागावे लागले ते आज कायद्याच्या पुस्तकात आहे. आपल्या खोऱ्यातल्या पोराला ते माहीत नाही, एवढीच अडचण.

लहान मुलांसंबंधी तर कायदा अधिक स्पष्ट आहे, आणि ह्या सभेत आईबाप पुष्कळ आहेत म्हणून तो सांगतो. 2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. कलावंत म्हणून मुलाला काम करण्यास मुभा ठेवली, पण 2017 च्या नियमांनी अटी घातल्या. दिवसाकाठी पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस हवा. आणि मुलाच्या मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळावी. मुलीला स्पर्धेला नेताना आपण नवे परकर-पोलके शिवतो, घशासाठी मध-हळद बरोबर घेतो. त्याबरोबर हे चार नियम एका कागदावर लिहून घ्या.

आता आपल्या मातीकडे येऊ. 1659 साली अफझलखानाचा वध झाला तेव्हा महाराजांची राजधानी राजगडावर होती, म्हणजे आपल्या वेल्हे तालुक्यात; त्या तालुक्यालाच राजगड नाव देण्याचा निर्णय सरकारने 2024 साली घेतला. त्या प्रसंगावर अज्ञानदास शाहिराने पोवाडा रचला. त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच आहे. शाहिराने स्वतःचे नाव आणि स्वतःची मजुरी दोन्ही कवनात बांधून ठेवली. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला ती ठाऊक आहेत. कराराची इतकी पक्की नोंद आम्हांला दुसरी दिसत नाही!

पण नाव आणि तोडा शाहिराला मिळाला. जात्यावर गाणाऱ्या बाईला काय मिळाले? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गावोगाव हिंडून बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या. मुळशी-मावळासारख्या डोंगरी मुलखातून आरंभ होऊन ते काम महाराष्ट्रभर पसरले, आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 2017 पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही छापले गेले. त्यांत पहिला नंबर कोणाचाच नाही, आणि कोणी गळलेही नाही. मघाशी आर्मेनियाचे नाव निघाले. त्या देशातही कोमितास नावाच्या धर्मोपदेशकाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची हजारो गाणी टिपून घेतली. पुढे त्या लोकांवर 1915 साली फार मोठा घाला आला, गावेच्या गावे नष्ट झाली. टिपलेल्या गाण्यांपैकी जी वाचली ती त्यांचा ठेवा झाली. आर्मेनियाचा आजचा स्पर्धक ज्या दौलतीवर उभा आहे ती कोमितासांनी सांभाळली. खुर्ची फिरवणारा फार मागाहून आला.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, स्पर्धा बघावी. चांगल्या गळ्याला दाद द्यावी. आपल्या पोराला जायचे असेल तर मोडता घालू नये. परंतु आवाज निवडणे आणि आवाज घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. निवडणाऱ्याला आपण जाहिरातीतून, संदेशातून, वेळेतून भरपूर देतो. घडवणाऱ्याला काय देतो? गावच्या पेटीवाल्याला, पखवाजाच्या मास्तरांना, ज्यांच्याकडे संध्याकाळी सात-आठ पोरे सा लावायला बसतात त्यांना, आपण सप्ताहात नारळ आणि टॉवेल देतो. शाळेत गाण्याचा शिक्षक नेमायचा म्हटले की पैसे नसतात. हा हिशेब आधी दुरुस्त केला पाहिजे.

म्हणून आम्ही ह्या दोन तालुक्यांतल्या मंडळींपुढे तीन कामे ठेवतो. पहिले, गावच्या मंडळाने वर्गणी काढताना मांडवाच्या आणि स्पीकरच्या खर्चाआधी गाणे शिकवणाऱ्याचे महिन्याचे मानधन ठरवावे, आणि ते मानधन म्हणून द्यावे, दान म्हणून नव्हे. दुसरे, कोणत्याही मुलाने अथवा मुलीने गाण्याचा करार एकट्याने सही करू नये. मराठीत समजून घ्यावा, प्रत घ्यावी, दोन रात्री उशाशी ठेवावा. आमच्या संघटनेची कचेरी त्यासाठी उघडी आहे, तेथे सभासदत्वाची पावती कोणी विचारणार नाही. तिसरे, जो हरून परत येईल त्याला पुढच्या जत्रेत पहिले बोलावणे द्यावे. मेंगाईच्या जत्रेत असो, बनेश्वराच्या आवारात असो, रामनवमीच्या उत्सवात असो, त्याला गायला बसवावे, आणि ठरलेली बिदागी रोख द्यावी. तो ज्या गाण्याने गळला तेच गाणे त्याने येथे पुरते म्हणावे. साच्याने कापलेले कडवेही म्हणावे.

यांपैकी कोणत्याच कामाला सरकारची परवानगी लागत नाही आणि वाहिनीचीही लागत नाही. येत्या पावसाळ्याआधी एका गावाने जरी आपल्या पेटीवाल्या मास्तरांचा महिना बांधला, तरी ह्या व्याख्यानाचे काम झाले असे आम्ही समजू.